फळ्यावरचा बटाटा

“ताई, ह्याच्या आत कुठं उभं राहिलं तर आतली सगळी भिंत दिसंल?”

इराण्णा पोतदारनं माझ्या टेबलावर चांदीचा एक वाळा ठेवला. तान्ह्या पोरांच्या हातात घालतात तसला. गोल वाकवलेली जाड कांडी, दोन्ही टोकं एकमेकांजवळ आलेली पण न चिकटलेली, टोकांना छान गोलाई. आतल्या अंगाला भट्टीची काळपट काजळी राहिलेली होती आणि उजळायच्या चिंचेचा आंबूस वास येत होता. मी तो लांबूनच बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला माझी पीएचडीची तोंडी परीक्षा होती, आणि हा बाबा लेकीचा वाळा घेऊन आला होता.

“भरीव आहे की रे हा. आत उभं कसं राहणार?”

“पोकळ समजा की. तुम्ही मुंगीएवढ्या, हातात दिवा. कुठं उभ्या राहिला तर सगळीकडं उजेड पडंल?”

“कुठेच नाही,” मी हसत म्हटलं. “वळणापलीकडे अंधारच राहणार. त्यात काय विचारायचं?”

इराण्णानं वाळा बोटानं टेबलावर गोल फिरवला. आणि माझं हसू तोंडातच वाळलं.

कुणाला कंटाळा येऊ नये म्हणून थोडक्यात सांगते. बंदिस्त पृष्ठभाग म्हणजे चेंडूची साल समजा. आम्ही तीन मितींत थांबत नाही, चार घेतो, पाच घेतो, म्हणून त्याला अधिपृष्ठ म्हणतो. पण मनात चेंडूच ठेवा. सालीवर कुठेही बोट ठेवलं, की तिथे ती एका दिशेला किती वाकते आणि आडव्या दिशेला किती वाकते हे मोजता येतं. त्या वाकण्यांची सरासरी म्हणजे माध्य वक्रता. आम्ही आपले मीन कर्व्हेचर म्हणायचो. वाळ्याच्या आतल्या अंगाला कांडी लांबीच्या बाजूनं जराशी उलटी वाकते, पण जाडीच्या बाजूनं भरपूर सुलटी वाकते, त्यामुळे सरासरी सुलटीच येते. म्हणजे वाळ्याची माध्य वक्रता सगळीकडे धन.

आता आमचे मार्गदर्शक केळशीकर सर. त्यांचा एक लेमा होता. मोठ्या प्रमेयाच्या आधी पायरी म्हणून जे छोटं विधान सिद्ध करतात, त्याला लेमा म्हणतात. सरांचा लेमा म्हणायचा, की भोक नसलेल्या बंदिस्त अधिपृष्ठाची माध्य वक्रता सगळीकडे धन असेल, तर आत एक तरी जागा अशी असतेच की जिथून आतली सगळी भिंत दिसते. त्या लेमावर तीन जण डॉक्टर झाले होते. चौथी मी होणार होते. माझं तिसरं प्रकरण, म्हणजे प्रबंधाचा अख्खा जीव, त्या लेमावर उभं होतं.

आणि टेबलावर तो वाळा पडला होता. वाळ्याला भोक कुठलं? टोकं उघडी असतात. सरळ कांडीच ती, वाकवलेली. वक्रता धन, आणि आतून सगळं दिसेल अशी जागा एकही नाही.

“तुला हे कधी सुचलं?” मी विचारलं.

“परवा. जतला घरी गेल्तो. बाबा गिरिजाचा वाळा करत बसले होते. कांडी सरळ होती तवर मी म्हणत होतो, ह्याच्या मधी दिवा लावला तर सगळं दिसंल. मग बाबांनी ती रुळावर ठेवून वाकवली. म्हटलं, आता? आता न्हाई की दिसत. आणि गोलाई तर तशीच हाय.” तो खुळ्यासारखा हसला. “रात्रभर हिशोब केला ताई. बसतंय सगळं. लेमा चुकीचा हाय.”

“फळ्यावर आपण कितीदा काढलाय रे तो पृष्ठभाग,” मी म्हटलं.

“काढलाय, पण काय काढलाय? बटाटा!”

खरं होतं. आमच्या विभागात बंदिस्त अधिपृष्ठ म्हणजे बटाटा. सर फळ्यावर बटाटा काढायचे, म्हणून आम्ही बटाटा काढायचो, आमचे विद्यार्थी बटाटा काढायचे. जरा लांबट, एका बाजूला किंचित दबलेला. सरांच्या पेपरमध्ये लेमाच्या सिद्धतेखाली तोच बटाटा छापलेला होता, आणि त्याच्याखाली एवढंच, की आकृतीवरून हे उघडच आहे. बटाट्याच्या आत मध्यावर उभं राहिलं की दिसतंच सगळं! चौदा वर्षांत एकाही शहाण्याला काकडी काढावीशी वाटली नाही. मलाही नाही, हे आधी सांगते.

इराण्णा माझ्याहून सात वर्षांनी लहान. जतकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायचा, रजा काढून आला होता. रजिस्ट्रेशन होऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्याला घाबरायचं कारण नव्हतं. मला होतं. सहा वर्षं मी शहरातल्या कॉलेजात हंगामी म्हणून शिकवत होते, दर जूनला नव्यानं मुलाखत देत होते. जूनपर्यंत पदवी हातात पडली तर कायमची जागा मिळणार होती. न पडली तर ती जागा भरायला दुसरी एक डॉक्टरीणबाई तयार बसली होती. माझी आई माझ्याकडे होती, आणि आमचं घर माझ्या पगारावर चालत होतं.

“सरांना सांगितलंस?”

“तुमच्या आधी कसं सांगू? प्रबंध तुमचा हाय.” त्यानं वाळा माझ्याकडे सरकवला. “हा ठेवा तुमच्यापाशी. सरांना दाखवायला बरा पडंल. उद्या द्या परत, बारशाला घालायचाय.”

मी वाळा रुमालात गुंडाळला आणि सरांच्या खोलीत गेले.

केळशीकर सर त्या वेळी कान कोरत होते. आगपेटीच्या काडीनं. मी दारात उभी, ‘या’ नाही की ‘बस’ नाही. काडी बाहेर काढायची, उजेडात धरून बघायची, टेबलाच्या कडेला पुसायची, पुन्हा आत. त्या कडेला पिवळट असा एक थरच बसलेला होता. पाच वर्षं मी त्या टेबलावर वही ठेवून शिकले. तो थर मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला, की आधी दिसूनही मी बघत नव्हते, देव जाणे.

मी वाळा पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. इराण्णाचं नाव घेऊन सांगितलं. तेवढा प्रामाणिकपणा तेव्हा माझ्यात शिल्लक होता.

सर ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी काडी टाकली आणि म्हणाले, “बरं मग?”

“सर, लेमा चुकीचा आहे.”

“अगं, मला काय माहीत नाही?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सरांनी खालचा ड्रॉवर ओढला. सुपारीचा डबा, जुनी मोजेजोडी, दाढीचा ब्रश आणि त्या सगळ्याच्या खालून एक पिवळं पडलेलं पत्र. परदेशातल्या एका मासिकाच्या परीक्षकाचं, पंधरा वर्षांपूर्वीचं. चार ओळी आणि खाली पेनानं काढलेली एक वाकडी काकडी. बस. दुसरं काही लिहायची त्या माणसाला गरजच वाटली नव्हती.

“म्हणून तर तिकडे नाही छापला मी. इकडे छापला,” सर म्हणाले. “इकडे कोण बघतंय?”

“पण सर, तीन जणांचे प्रबंध…”

“तिघंही खाऊनपिऊन सुखी आहेत. एक तर प्राचार्य झालाय.” त्यांनी सुपारीची चिमूट तोंडात टाकली. “तू काय करणार आहेस? उद्याची परीक्षा पुढे ढकलणार? प्रकरण काढून टाकणार? ते काढलं तर तुझ्या प्रबंधात उरतं काय, प्रस्तावना आणि आभार?”

मी वाळा पुन्हा रुमालात गुंडाळायला लागले.

“अग्निहोत्री येतायत बाहेरून परीक्षक म्हणून. त्यांच्या विद्यार्थ्याचा प्रबंध पुढच्या महिन्यात माझ्याकडे येतोय तपासायला. ते तुला दोन प्रश्न विचारतील, तुला येतात तेच. तू काय करायचंस? नेहमीसारखा बटाटा काढायचास. बटाटा काढला की कुणी काही विचारत नाही, हा माझा चौदा वर्षांचा अनुभव आहे.” आणि ते हसले. सुपारीनं लाल झालेले दात, त्यात अडकलेले बारीक तुकडे. “आणि त्या सोनाराच्या पोराला म्हणावं, आधी वर्षभर वाचन कर. मग आमचे वाळे-पैंजण बघ.”

मी बाहेर येऊन व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. वाटलं, हा माणूस! ह्याच्या पायाला हात लावून मी दर गुरुपौर्णिमेला नमस्कार केलाय. त्याचं सगळं मला किळसवाणं वाटायला लागलं, त्याचं ते ‘बरं मग’, तो ड्रॉवर, कडेचा थर. मी आत जाऊन सांगू शकत होते, की सर, मी परीक्षा देत नाही. नाही गेले. घरी गेले, साडीला इस्त्री केली, आणि फळ्यावर बटाटा एका झटक्यात काढता येतो का ते दोनदा आईच्या दुधाच्या हिशेबाच्या पाटीवर काढून बघितलं.

सकाळी मी विभागात पोचले तर इराण्णा जिन्यात उभा. धुतलेला पांढरा शर्ट, केसाला तेल. हातात पाकीट.

“ताई, वर जायच्या आधी हे वाचा,” तो म्हणाला. “दोनच पानं हायत. पाच मिनिटं लागतील.”

“काय आहे?”

“वाचा तर खरं.”

तेवढ्यात वरून शिपायानं हाक मारली, की अग्निहोत्री सर आले. मी पाकीट पर्समध्ये टाकलं, रुमालातल्या वाळ्याशेजारी. माझ्याकडे वीस मिनिटं होती. खोटं कशाला बोलू? वीस मिनिटं होती, आणि मी ती पेढ्यांच्या खोक्याला दोरी नीट बांधण्यात घालवली. मला वाटलं होतं, पाकिटात त्याची लेखी तक्रार आहे. ती वाचली असती तर मला माहीत होतं असं झालं असतं. न वाचता परीक्षा दिली तर उद्या हात वर करता येतात. हे सगळं माझ्या डोक्यात अगदी स्वच्छ शब्दांत आलं होतं. माणूस अशा वेळी किती हुशार होतो!

हॉल भरला होता. आमच्याकडे तोंडी परीक्षा सर्वांसाठी खुली असायची. म्हणजे गणितवाले आठ, आणि पेढ्यांसाठी आलेले रसायनवाले वीस. पुढे सोफ्यावर अग्निहोत्री, गोरेपान, झोपाळू, कपाळावर घाम. शेजारी केळशीकर सर. शेवटच्या रांगेत इराण्णा.

मी चाळीस मिनिटं बोलले. तिसऱ्या प्रकरणाशी आले तेव्हा फळ्यावर बटाटा काढला. खडू जरासुद्धा अडखळला नाही. मध्यावर ठिपका दिला, ठिपक्यापासून भिंतीपर्यंत किरण काढले. अग्निहोत्रींनी मान डोलावली. त्यांनी दोन प्रश्न विचारले, मला येत होते तेच. मग ते श्रोत्यांकडे वळून, रीत म्हणून, म्हणाले, “कुणाला काही विचारायचं आहे?”

असं म्हटल्यावर कुणी काही विचारत नाही. खुर्च्या सरकतात, टाळ्या होतात, पेढ्यांचे खोके फुटतात.

इराण्णा उभा राहिला.

“ताई… मॅडम,” तो म्हणाला. “पृष्ठभाग बटाट्यासारखा नसंल, वाळ्यासारखा असंल, तर हे किरण सगळीकडं पोचत न्हाईत. मग तुमचं प्रमेय टिकतंय का?”

अग्निहोत्री एकदम जागे झाले. “वाळ्यासारखा म्हणजे?” त्यांनी विचारलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, काळजी नव्हती. गिऱ्हाईक माल घेणार की परत ठेवणार, हे दुकानदार बघतो तसं ते बघत होते.

पर्स माझ्या खांद्याला होती. वाळा तिच्यात होता. आणि मला इराण्णाचा असा काही संताप आला, की काय सांगू! भर सभेत, माझ्या दिवशी, ह्यानं माझा गळा धरला. आता माझी जागा गेली, आता आईला काय सांगू, हेच डोक्यात. आणि मी बोलले.

“पोतदार, तुम्ही आधी व्याख्या वाचून यायला हवं होतं,” मी म्हटलं. आवाज छान खणखणीत निघाला. “आमच्या अधिपृष्ठांचा एक वर्ग ठरलेला आहे. तुमच्या मनात जे आहे ते त्या वर्गात बसत नाही. सोनाराच्या दुकानातला माल आणि युक्लिडीय अवकाशातलं अधिपृष्ठ ह्यांत थोडा फरक असतो.”

हॉल खदखदून हसला. रसायनवाले तर जास्तच हसले, त्यांना तेवढंच कळलं होतं. सरांनी मांडीवर थाप मारली. अग्निहोत्री हसले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “छान. फारच छान.”

इराण्णा हसला नाही. तो काही वेळ माझ्याकडेच बघत होता, जणू मी अजून काहीतरी बोलणार आहे आणि तो थांबलाय. मग म्हणाला, “बरोबर हाय. माझं चुकलं.” आणि खाली बसला.

टाळ्या झाल्या. मी डॉक्टर झाले.

जेवण विभागातच होतं. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी. हो, बटाट्याचीच. उमेदवारानं परीक्षकाला आग्रह करून वाढायचं, अशी आमच्याकडे पद्धत, आणि उमेदवार बाई असली तर आग्रह जास्त करायचा. मी वाढत होते. अग्निहोत्रींच्या ओठाच्या कोपऱ्यात श्रीखंड वाळलं होतं. सर पुरीचे दोन घास एकदम कोंबत होते, मध्येच ढेकर देत होते, आणि बोटं एकेक करून मुळापर्यंत चोखत होते. “काय उत्तर दिलंन पोरीनं!” ते म्हणत होते. “सोनाराच्या दुकानातला माल! वा!” प्रत्येक ‘वा’बरोबर काहीतरी उडत होतं.

मला घाम फुटला म्हणून मी खिडकीपाशी गेले आणि रुमालासाठी पर्स उघडली. रुमालाबरोबर पाकीट हाताला आलं. आता काय, झालं ते झालं, म्हणून मी ते फोडलं.

तक्रार नव्हती.

पहिल्या पानावर वर लिहिलं होतं:

“ताई, प्रश्न मीच विचारतो, म्हणजे तिसऱ्या कुणी आडवंतिडवं विचारायला नको. तुम्ही वाळा काढून दाखवा आणि खालचं उत्तर द्या. लेमा गेला तर जाऊ दे, तुमचं प्रमेय वाचतंय. घाबरू नका.”

आणि खाली दीड पानात उत्तर. एका जागेवरून सगळी भिंत दिसायची गरजच नाही, त्यानं लिहिलं होतं. उलटं करा. आतल्या प्रत्येक बिंदूनं फक्त आपल्या सगळ्यांत जवळच्या भिंतीकडे बघावं. मग वळण असो, वाकण असो, काही अडत नाही. माध्य वक्रता धन असली की पुरे. ही युक्ती जगात नवी नव्हती, हे मला पुढे कळलं. पण आमच्या प्रमेयात ती अशी चपखल बसेल, हे त्या दीड पानाआधी कुणी दाखवलं नव्हतं. मी उभ्या उभ्या वाचलं. एकही ओळ अडली नाही. माझं तिसरं प्रकरण माझ्या हातात होतं, निरोगी, पहिल्यापेक्षा बळकट. फक्त मी ते पर्समध्ये ठेवून, त्या पोराचं भर सभेत त्याच्या बापाच्या धंद्यावरून हसं केलं होतं.

मला स्वतःची शिसारी आली. आईशपथ, अंगावरून झुरळ गेल्यासारखं झालं, आणि ते झटकायला जागा नव्हती.

“काय गं, प्रेमपत्र की काय?” सर शेजारी येऊन उभे होते. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतले. श्रीखंडाची बोटं. पहिल्या पानाच्या कडेला पिवळा डाग पसरला, केशराचा. ते वाचायला लागले. सर आळशी होते, लबाड होते, पण मूर्ख नव्हते. अर्ध्या मिनिटात त्यांचं चावणं थांबलं.

“पोतदारचं?”

“हो.”

“हं.” त्यांनी पहिल्या पानावरच्या मजकुराचा वरचा भाग सरळ रेषेत दुमडला, नखानं घडी घातली, आणि तेवढा तुकडा फाडून ताटातल्या उष्ट्यात टाकला. “आता ह्याच्यावर कुणाचं नाव आहे?”

तुकडा भाजीच्या तेलात भिजत होता. ‘घाबरू नका’ तेवढं वर दिसत होतं.

“तुझा आणि माझा पेपर होतो हा,” सर म्हणाले. “ह्या वेळी परदेशात पाठवू. माझं जुनं लफडंही मिटेल. काय?”

ह्या ‘काय’वर मी काय म्हणाले, ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, “हो सर.” वर हेही म्हणाले, “आणखी श्रीखंड वाढू?”

सरांनी ते कागद शर्टाच्या खिशात ठेवले.

हात धुवायला मागच्या नळावर गेले तर तिथे इराण्णा उभा होता. तो जेवला नव्हता. त्याच्या खांद्याला पिशवी होती.

“ताई, वाळा द्या. मी निघतो. रविवारी बारसं हाय.”

मी वाळा दिला. त्यानं तो शर्टाला पुसला, उगीच फिरवून बघितला, आणि पिशवीत ठेवला. मग न राहवून विचारलं, “पाकीट वाचलंसा?”

नळ चालू होता. पाणी वाहत होतं आणि मी हात चोळत होते. “नाही रे,” मी म्हटलं. “घाईत राहूनच गेलं.”

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. त्याला बरं वाटलं. अगदी मनापासून सुटल्यासारखं वाटलं.

“बरं झालं,” तो म्हणाला. “मला वाटलं वाचून बोललासा. तसं असतं तर लई लागलं असतं मला. न वाचता बोललासा तर काय न्हाई, रागात माणूस बोलतो. फाडून टाका ते आता.”

“फाडते,” मी म्हटलं.

तो गेला. पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रेशन रद्द करण्याचा त्याचा अर्ज पोस्टानं आला. कारणाच्या जागी लिहिलं होतं, घरगुती अडचण.

जूनमध्ये मी कायम झाले. वर्षाच्या आत पेपर छापून आला, परदेशात, केळशीकर आणि मी, दोघांच्या नावानं. पहिल्या आकृतीत बटाटा नव्हता. वाकवलेली कांडी होती, दोन टोकं जवळ आलेली. सगळ्यांना ती आवडली. आज कुठे कुठे त्या आकृतीला माझ्या नावानं ओळखतात. विभागप्रमुख झाले तेव्हा मुलांनी ती रांगोळीत काढली होती, आणि मी तिच्यावर पाय पडू नये म्हणून कडेनं गेले, तर मुलं म्हणाली, मॅडम किती हळव्या आहेत.

सरांची एक सवय होती. आपला पेपर आला की त्याच्या प्रती सगळ्या आजी-माजी विद्यार्थ्यांना पोस्टानं पाठवायच्या. पत्त्यांची यादी शिपायाकडे असायची आणि ती यादी कधी कुणी तपासत नव्हतं. त्यामुळे एक प्रत जतला गेली. हे मला कळलं ते ती परत आली तेव्हा. माझ्या नावानं, कॉलेजच्या पत्त्यावर.

मी दार लावून पाकीट उघडलं. मला वाटलं शिव्या असतील. खरं सांगते, मला शिव्या हव्या होत्या. पान उलटत गेले. काहीच नाही. आकृतीजवळ काही नाही, नावांजवळ काही नाही. चौथ्या पानावर, सातव्या ओळीशी, पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं:

“इथं आतल्या बाजूचा लंब धरायला पाहिजे. छापताना बाहेरचा धरलाय, त्यानं चिन्ह उलटं पडतं. तेवढं दुरुस्त करा.”

मी तपासलं. बरोबर होतं. कागद उतरवून काढताना सरांनी चूक केली होती आणि मी ते वाचलंच नव्हतं.

आम्ही मासिकाकडे शुद्धिपत्र पाठवलं. दोन ओळींचं. सर म्हणाले, ही चूक कुणी दाखवली ते लिहायची काही गरज नाही. मी नाही लिहिलं.